देहूची जिजाई माउली



आपल्या दिंडीला शंभर वर्षं भरली, त्या निमित्तानं हे पुस्तक निघत आहे. ह्यात तुकोबारायांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा जाणकार आहेत. म्हणून आम्ही ठरवलं की आपण तुकोबारायांच्या शेजारी जी उभी होती तिच्यावर लिहावं. देहू आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. देहूरोडच्या स्टेशनावर उतरून गाथा मंदिराला जाणारी माणसं आपण रोज बघतो. त्यातल्या दहा जणांना विचारा की तुकोबांच्या बायकोचं नाव काय. आवली, म्हणून सांगतील. आणि पुढं हसून म्हणतील की लई भांडखोर होती. एवढंच माणसांना माहीत. कीर्तनात तिचं नाव निघालं की मंडप हसतो. हसायला हरकत नाही, पण हसून झाल्यावर तिचा संसार काय होता तेही ऐकलं पाहिजे.

जिजाबाई ही पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची लेक. सावकाराच्या घरातली, म्हंजे खाऊनपिऊन सुखी. लाडानं तिला आवली म्हणत. दिली कुठं, तर देहूच्या मोऱ्यांच्या घरात. ते घरही काही साधं नव्हतं. तुकोबांचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा ह्यांनी देहूत विठोबाचं देऊळ उभं केलं, तेव्हापासून त्या घरात पंढरीची वारी. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात बाजाराची महाजनकी, सावकारी, दुकान, शेती, गुरंढोरं. भाऊ तीन. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. तुकोबांचा जन्म बहुतेक जण शके १५३०, म्हंजे इसवी सन १६०८ चा धरतात. त्यांचं पहिलं लग्न रखुमाबाईशी झालं होतं. तिला दम्याचा आजार. म्हणून आईवडिलांनी दुसरी सून आणली, ती जिजाई. तेव्हा सांगायचं म्हंजे ही पोर आली ती सवतीवर आली, आणि सवतही आजारी. आल्या दिवसापासून घराचं ओझं तिच्या अंगावर.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एकामागून एक घाव बसले. परंपरा सांगते की तुकोबांच्या सतराव्या वर्षी आईवडील गेले. मागोमाग सावजींची बायको गेली आणि सावजी विरक्त होऊन तीर्थाला निघून गेले. ते परत घरी आले नाहीत. थोरला भाऊ नाही, सगळा व्यवहार तुकोबांवर. तेवढ्यात आला दुष्काळ. इसवी सन १६३०-३१ चा. तो दुष्काळ नुसता आपल्या भागातला नव्हता. गुजरातेपासून दख्खनेपर्यंत माणसं आणि जनावरं पटापट मेली. देशोदेशीच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या हकिगती लिहून ठेवलेल्या आहेत. तुकोबांच्या घरात रखुमाबाई अन्नावाचून गेली. तिचा संतोबा गेला. गुरं गेली. दिवाळं वाजलं.

आता इथं थांबून जिजाईकडं बघा. सासू नाही, सासरा नाही, मोठी जाऊ नाही. सवत डोळ्यांदेखत गेली, तिचं लेकरू गेलं. भरल्या घरात आलेली पोर रिकाम्या घरात उभी राहिली. आणि ह्याच वेळेला नवरा डोंगराला निघाला.

तुकोबांनी भामचंद्राच्या डोंगरावर बसून ध्यान केलं, भंडाऱ्यावर केलं, आपल्या देहूरोडजवळच्या घोरावडेश्वरावरही केलं, असं आपण सांगतो. मग त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीच्या डोहात टाकली. निम्मी खतं आधी धाकट्या कान्होबांना वाटून दिली आणि आपल्या वाट्याची बुडवली. ही जगातली मोठी गोष्ट आहे. दुष्काळात पिचलेल्या कुणब्यांच्या मानेवरचा फास त्यांनी एका दिवसात सोडला. आज कुणी बँकवाला असं करील का? पण जे खत पाण्यात गेलं ते कुणाच्या पोटातलं होतं? ते जिजाईच्या लेकरांच्या पोटातलं होतं. कान्होबांनी आपला वाटा राखला, त्यांचा संसार चालला. ऋणको सुटले आणि घरात उद्याचं पीठ नाही, ही दोन्ही खरं. तुकोबांची बाजू धरायची तर जिजाईची सोडावी लागत नाही.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी तुकोबांचं चरित्र भक्तलीलामृतात सांगितलं. तो ग्रंथ १७७४ सालचा. तुकोबांच्या गमनानंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेला. तरीपण आपण कीर्तनकार ज्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक तिथल्या. त्यातली एक गोष्ट आम्हाला नेहमी महत्त्वाची वाटते. नवऱ्याचा धंदा बुडाला, त्याला कुणी उभं करीना. तेव्हा जिजाईनं आपल्या नावावर दोनशेची रक्कम कर्जाऊ काढून दिली. तुकोबा मीठ घेऊन बाहेरगावी गेले. विकून नफा झाला. येताना वाटेत एक कर्जात अडकलेला ब्राह्मण भेटला, सगळी रक्कम त्याला देऊन टाकली आणि हात हलवत घरी आले. आता सांगा, ती बोलली असेल का नसेल? जामीन ती, कागद तिचा, दारात तगादा तिला. पण ज्या नवऱ्याचा गावात पतवारा उरला नव्हता त्याच्यासाठी स्वतःचं नाव लिहून देणारी एकटी तीच होती, हे आपण सांगायचं विसरतो. भांडणारी बाई नवऱ्यावर विश्वास ठेवत नाही असं कुणी सांगितलं?

उसाची गोष्ट पोराटोरांना माहीत. तुकोबांना कुणी उसाची मोळी दिली. घरी येईपर्यंत गावची पोरं भोवती जमली आणि मोळी वाटून संपली. एक ऊस उरला तो घरी आणला. जिजाईला कळलं तसा तिनं तोच ऊस त्यांच्या पाठीत हाणला. उसाचे तुकडे झाले. तुकोबा रागावले नाहीत. उलट समाधानानं म्हणाले की बरं झालं, वाटे करायचं काम तू केलंस. मंडपात इथं हशा येतो. आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा पुढं एक वाक्य घालतो. तुकडे झाले आणि ते दोघांनी बसून खाल्ले. ऊस कडू नव्हता. नवराबायकोचं भांडण असंच असतं. मारायला घेतलेली वस्तूसुद्धा शेवटी एकाच घरात वाटून खायची असते.

लुगड्याचीही गोष्ट आहे. एक गरीब बाई अंगावर धड वस्त्र नाही म्हणून दारात आली. तुकोबांनी जिजाईचं वाळत घातलेलं लुगडं उचलून तिला दिलं. शेताची राखण घेतली तर पाखरांना हाकललं नाही. पाखरांनी दाणा खाल्ला. पुढं त्या शेतात देवानं भरभरून पिकवलं असं महिपती सांगतात, पण ते वरकड धान्यही तुकोबांनी घरात घेतलं नाही. शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला तो परत केला. प्रत्येक वेळी तुकोबांचं मन मोठं झालं, आणि प्रत्येक वेळी जिजाईचं मडकं रिकामं राहिलं.

लेकरं तर होती. काशी, भागीरथी, गंगा ह्या तीन लेकी. महादेव, विठोबा आणि शेवटी नारायण हे लेक. एकदा महादेवाला लघवी तुंबून फार त्रास व्हायला लागला. पोर तडफडतंय, औषध लागू पडेना. जिजाईचं डोकं फिरलं. तिनं पोराला उचललं आणि विठोबाच्या देवळात निघाली. ज्यानं आपला संसार खाल्ला त्याच्याच पायावर हे पोर आदळते, असा तिचा राग. देवळात पोचली आणि पोराला मोकळं झालं. आता बघा, ती देवाला शिव्या देत होती. विठोबाला काळा म्हणून बोल लावत होती. पण संकटात धावली कुठं? त्याच देवळात. ज्याच्याशी भांडतो तोच आपला. परक्याशी माणूस भांडत नाही, परक्याला नमस्कार करून वाट धरतो.

हा प्रसंग प्रभात कंपनीच्या संत तुकाराम सिनेमातही घेतलेला आहे. तो सिनेमा १९३६ सालचा, आपल्या पुण्यातला, दामले आणि फत्तेलाल ह्यांनी केलेला. विष्णुपंत पागनीस तुकोबा आणि गौरीबाई जिजाई झाल्या होत्या. त्या वेळी खेडोपाडी गाड्या जुंपून लोक बघायला जात. पुढं १९३७ साली इटलीतल्या व्हेनिस गावी त्याचा गौरव झाला. जुनी माणसं सांगत की पागनिसांना बघून हात जोडले जात आणि गौरीबाईंना बघून घरच्या बाईची आठवण येई. जिजाई ही प्रत्येक घरात असते, म्हणून ती जगाला कळली.

आता भाकरीची गोष्ट. ह्यावाचून जिजाईचं चरित्र पुरं होत नाही. तुकोबा पहाटे भंडाऱ्याला जात ते दिवस दिवस परतत नसत. घरात दाणा असो नसो, जिजाई काहीतरी जमवून भाकरी थापायची. नवरा जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही, हा तिचा नेम. मग टोपली डोक्यावर घेऊन निघायची डोंगराला. देहूतनं भंडारा दीड-दोन कोस, त्यावर चढ. उन्हाळ्यात तिथली वाट कशी तापते ते आपण बीजेच्या दिवसांत अनुभवतो, आणि आपण जातो ते चप्पल घालून, पाण्याची बाटली घेऊन. ती जायची अनवाणी. पोटात भूक. तोंडात बडबड. विठोबाला बोल लावत लावत चढायची.

एके दिवशी असा मोठा काटा तिच्या पायात मोडला की ती कळवळून खाली पडली. तेव्हा प्रत्यक्ष विठोबा आला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायला लागला. ती त्याला ओळखून तोंड फिरवायची. इकडं फिरवलं तर तो इकडं, तिकडं फिरवलं तर तो तिकडं. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच हातानं काटा निघाला. आमच्या समजुतीप्रमाणे ह्या गोष्टीचं मर्म असं आहे. तुकोबांना देव भेटावा म्हणून त्यांनी ध्यान केलं, उपास केले, नामस्मरण केलं. जिजाईनं ह्यातलं काही केलं नाही. तिनं फक्त भाकरी वेळेवर पोचवली. देव तिलाही भेटला, आणि तिच्या पायाशी बसला. कीर्तनात जी बायामाणसं मागं बसतात त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे.

आणखी एका काट्याची गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते. दुभत्यासाठी म्हणून आप्पाजी गुळव्यांनी लेकीला एक म्हैस दिली होती. ती म्हैस मंबाजी गोसाव्याच्या बागेत शिरली. पुढं देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे त्याच्या कुंपणाचे काटे तुकोबांनी बाजूला केले, तेव्हा मंबाजीनं काटेरी फांदीनं तुकोबांना मारलं. अंगात काटेच काटे. तुकोबा घरी आले. ते काटे बसून काढले कुणी? जिजाईनं. रडत होती, मंबाजीला बोलत होती, नवऱ्यालाही बोलत होती, आणि एकेक काटा उपटत होती. संध्याकाळी कीर्तनाला मंबाजी आला नाही म्हणून तुकोबा त्याच्या घरी जाऊन त्याचं अंग चेपून आले. क्षमा करायला तुकोबा मोठे होतेच. पण अंगातले काटे निघाले होते म्हणून त्यांना चालत जाता आलं.

पुढं रामेश्वर भटांच्या वादात वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. ती शिळा आपण डोक्याला लावतो. शिळेवरचे तेरा दिवस आपण मोजतो. घरात लेकरं घेऊन बसलेल्या बाईचेही तेराच दिवस होते. नवरा जगतो का जातो, ह्या काळजीत काढलेले.

तुकोबांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. जिजाई जे टाकून बोलायची ते तुकोबांनी आपल्या अभंगांत लिहून ठेवलं. नवऱ्यावरचे तिचे आरोप, घरात येणाऱ्या टाळकुट्यांवरचा तिचा राग, सगळं गाथ्यात आहे. आपली अब्रू झाकायला त्यांनी ते वगळलं नाही. बायकोची कुरकुर ज्यानं देवाच्या स्तुतीबरोबर एकाच गाथ्यात ठेवली, तो तिला तुच्छ मानत होता असं आम्ही मानत नाही. शिवाय त्यांनी बायकोला उपदेश केला ते अभंग वेगळे आहेत, त्यांना पूर्णबोध म्हणतात. ते ऐकून जिजाईचं मन पालटलं आणि तिनं घरातलं होतं नव्हतं ते दान करून टाकलं, असं सांगतात. दुसऱ्यांना हजारो अभंग सांगितले, पण घरच्या माणसाला बसवून निराळं सांगितलं. हे फार थोडे नवरे करतात. आम्ही कीर्तनकार तर अजिबात करत नाही. बाहेर दोन तास बोलतो आणि घरी आलो की घोंगडं ओढून झोपतो.

लेकींच्या लग्नाचीही हकिगत ऐकण्यासारखी. जिजाईनं मागं लागून लागून सांगितलं की पोरी मोठ्या झाल्या. तुकोबा बाहेर पडले, आपल्या जातीची खेळणारी पोरं बघितली, घरी आणली आणि लग्नं लावून टाकली. मोसे, गाडे आणि जांभूळकर ही ती सोयऱ्यांची घरं. भागीरथी येलवाडीला गाड्यांच्या घरी. जिजाईला मानपान, वाजंत्री पाहिजे असणार, सावकाराची लेक ती. पण ती सोयरीक निभावली. आजच्या लग्नात कर्ज काढून मांडव घालणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं. अशा साध्या लग्नाला बाप तयार असतो तेव्हा आईला गावाचे बोल सोसावे लागतात.

संतांच्या घरात हे एकट्या जिजाईचंच नव्हतं. नामदेवरायांच्या राजाईनंही अशीच कागाळी केली. शिवूरच्या बहिणाबाईंच्या घरात उलटं होतं. तिथं बायको तुकोबांच्या अभंगांत रंगली आणि नवरा गंगाधरपंत तिला मारायचा. पुढं त्यांचं मन पालटलं आणि जोडी देहूला तुकोबांच्या दर्शनाला आली. एकाला वेड लागलं की दुसऱ्याला ताप होतो, मग तो बाप्या असो का बाई. चोखोबा आणि सोयराबाईसारखी दोघांना एकच वेड लागलेली जोडी क्वचित.

शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया, इसवी सन १६५०. आपण तिला बीज म्हणतो. तुकोबा वैकुंठाला निघाले. जाताना जिजाईलाही चल म्हणून विचारलं, असं परंपरा सांगते. ती गेली नाही. गरोदर होती, लेकरं लहान होती, म्हशीची धार काढायची होती. नांदुरकीखाली आपण ही गोष्ट ऐकतो तेव्हा वेडी बाई म्हणून हळहळतो. आम्ही म्हणतो, ती गेली असती तर काय झालं असतं ते बघा. तिच्या पोटात नारायण होता. वडील गेल्यावर जन्मलेला. त्याला तिनं वाढवलं, कान्होबांचा आधार होता. त्याच नारायण महाराजांनी १६८५ साली ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. तिथनं पालखी सोहळा सुरू झाला. आपली दिंडी गेली शंभर वर्षं ज्या सोहळ्यात चालते तो त्या माउलीच्या पोटातनं आला. ती मागं राहिली म्हणून आपल्याला पुढं चालता आलं.

म्हणून दोन गोष्टी सांगून आम्ही आवरतो.

पहिली अशी. पालखीचं प्रस्थान जेठ वद्य सप्तमीला. त्या वेळी मावळात भाताची रोपं टाकायची नाही तर नुकती टाकलेली असतात. आषाढी करून आपण येतो तोवर लावणी तोंडावर आलेली. म्हंजे ऐन कामात आपण टाळ घेऊन निघतो आणि घरची बाई चिखलात राहते. वारी चुकवू नये, पण निघण्याअगोदर नांगरट, बियाणं, खत ह्यांची सोय लावावी. दुकानाची उधारी किती ते तिला सांगावं. तिच्या गोळ्या संपणार असतील तर आणून ठेवाव्यात. आणि एकदा तिला विचारावं की ह्या साली तू जातेस का, मी राहतो. ती बहुतेक नाहीच म्हणेल, पण विचारलेलं तिला वर्षभर पुरतं.

दुसरी अशी. दिंडीत चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेली जोडपी येतात. ती तुळस घेऊन पुढं, तो टाळ घेऊन मागं. मुक्कामाला पोचल्यावर बघा, धोतर कुठं ठेवलं म्हणून तो ओरडतो, तंबाखू खाऊ नका म्हणून ती ओरडते. तरणी पोरं हसतात. पण रात्री तिचे पाय सुजले की तोच तेल चोळतो, आणि त्याला पंगतीत भाकरी मिळाली का हे तीच बघून येते. ह्यांची भांडणं सोडवायला जाऊ नये. ज्या दिवशी त्यातलं एक जण गप्प होतं त्या दिवसानंतर दुसऱ्याला कुणी ओरडायलाही उरत नाही. अशी एकटी झालेली माणसं आपल्या दिंडीत पुष्कळ आहेत. पंगतीला त्यांच्या शेजारी बसत जा.

ज्ञानोबा-तुकारामांचा गजर आपण करतोच. भंडारा चढताना एकदा जिजाई माउलीचंही नाव घ्यावं. आणि डोंगरावर सोडलेली भाकरी तिच्या आठवणीनं शेजारच्याला अर्धी द्यावी.

रामकृष्ण हरि.